डॉल्फिन बघायला निघालात, तर हे कानात ठेवा

पोरांनो, दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-देवबागला जायचं ठरवलंत, चांगलं केलंत. धाकटीच्या वर्गातल्या मुलीने दुबईला डॉल्फिनच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून आणला, तेव्हापासून आपल्या घरात दुसरा विषय नाही. तिला डॉल्फिन दाखवाच. पण समुद्रातला दाखवा, आणि निघण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. आपल्या कैनाड गावाच्या दारात समुद्र नाही, तरी आपल्या घराचा त्याच्याशी व्यवहार जुना आहे. माझे वडील गवताचे भारे घेऊन डहाणूला जात, येताना सुके बोंबील आणत, आणि तिथे किनाऱ्यावर मांगेला समाजातला एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, त्यांचा मित्र होता. वारा, पाणी, होडी यांतलं मला जे कळतं ते त्या तांडेलकाकांकडून आलेलं. डॉल्फिनचं मी पुढे शाळेत शिकवताना वाचत गेले.

पहिली गोष्ट लाइफ जॅकेटची. तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. १३ जानेवारी २०१८ ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आपल्या डहाणूत पारनाक्याच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली. मच्छीमार धावले म्हणून बहुतेक मुलं वाचली. तीन मुली गेल्या. मुलांच्या अंगात जॅकेटं नव्हती आणि फोटो काढायला सगळे एका बाजूला सरकले, असं तेव्हा सगळीकडे सांगितलं गेलं. २४ मे २०२२ ला तारकर्लीत, म्हणजे तुम्ही जाताय तिथेच, स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, १५ माणसं गेली. तिन्ही वेळा किनाऱ्यावरून निघालेला माणूस मजेत होता आणि काही कळायच्या आत पाण्यात होता. अशा वेळी बाकाखालचं जॅकेट काढून घालायला सवड मिळत नाही. म्हणून होडीत पाय टाकण्याआधी, वाळूवर उभं असतानाच ते अंगात चढवायचं आणि परत वाळूवर उतरल्यावरच काढायचं. उकडतं, फोटोत बरं दिसत नाही, पट्टा टोचतो, यातलं कुणाचं काही ऐकू नका. भावोजींचं तर मुळीच नको. आपल्याला पोहता येतं असं म्हणणारा माणूस आधी जॅकेट सोडतो.

मुलांचं जॅकेट वेगळं असतं, ते आदल्या दिवशी फोन करून मागून ठेवा. ऐनवेळी मोठ्यांचंच गळ्यात अडकवतात. घातल्यावर खांद्यापाशी दोन्ही हातांनी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात पोराला सोडून एकटंच वर येईल. लहान जॅकेटाला मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असेल तर तो लावाच. सगळी बकलं बंद झाली का, ते तुम्ही स्वतः हात लावून बघा. आणि पाच वर्षांच्या आतलं बाळ घेऊन होडीत जाऊच नका, असं माझं मत आहे. एकाने किनाऱ्यावर थांबावं, मग दुसऱ्याने. बाळाला डॉल्फिन पुढच्या वर्षी दिसेल.

होडी निवडताना स्वस्त-महाग बघू नका. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलाय का, माणसं किती घ्यायची मुभा आहे, हे सरळ विचारा. चांगला तांडेल या प्रश्नांनी चिडत नाही. मोजून माणसं घेणारा, पावसाळी ढग बघून ‘आज नको’ म्हणणारा, असा भेटला तर त्याचा नंबर घेऊन ठेवा आणि दर वेळी त्याच्याकडेच जा. होडीत खाली आणि मध्ये बसायचं. डॉल्फिन दिसला की सगळे त्या बाजूला उठतात, तोच क्षण धोक्याचा. तांडेलाला आधीच सांगून ठेवा की आम्ही जागचे उठणार नाही, तुम्ही होडी फिरवा. दोन्ही बाजूंना नीट दिसतं.

आता वेळेचं. मेच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या बोटी आणि जलक्रीडा बंद ठेवतात, तेव्हा कुणी ‘चोरून नेतो’ म्हणाला तरी जायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंतचे दिवस उत्तम. दिवसातली वेळ सकाळची. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी सपाट असतं, आणि सपाट पाण्यावर पाठ वर आलेली लांबूनही दिसते. दुपार झाली की खारा वारा सुटतो, पाण्यावर पांढरे फेस उठतात, मग डॉल्फिन जवळ असला तरी दिसत नाही आणि पोटातलं मात्र वर येतं. सात वाजता होडीत असा.

तिथी बघा. हे तांडेलकाकांचं शिकवणं, भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून तुम्हालाही जमेल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याला ओढ कमी. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, म्हणजे दिवाळीचे मधले दिवस उधाणाचे, आणि उधाणाचा जोर अमावस्येनंतर एक-दोन दिवस टिकतो. तेव्हा भाऊबीज घरी करा आणि मग निघा. पंचमी-षष्ठीपासून पाणी मवाळ होत जातं. भरतीची वेळ काढायची तर तिथीला पाऊणने गुणायचं. सप्तमी असेल तर सात पाऊण सव्वापाच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास मुंबईला पूर्ण भरती. आपल्या डहाणूला ती थोडी उशिरा, मालवणला थोडी आधी. अगदी मिनिटाला नाही जुळत, पण होडी काढायची की नाही एवढं ठरवायला पुरतं.

हे सगळं कशासाठी, तर देवबागच्या होड्या कर्ली नदीच्या संगमावरून बाहेर पडतात. नदीच्या मुखातून ओहोटीचं पाणी बाहेर जोराने येत असलं आणि समोरून समुद्राचा वारा असला, की तिथे लाटा उभ्या राहतात. होडी नाकाने आपटत जाते. भांगाच्या दिवसांत सकाळी हीच जागा शांत असते. मालवणला आपल्या डहाणूइतकं पाणी चढत-उतरत नाही, त्यामुळे तिकडची पोरं भरतीचा फारसा बाऊ करत नाहीत. तुम्ही करा.

पोटाचं थोडक्यात सांगते. रिकाम्या पोटी जायचं नाही आणि मिसळ खाऊनही जायचं नाही. तांदळाची भाकरी, केळं, एवढं पुरे. आलेपाक सोबत ठेवा. मळमळलं की मोबाइल खाली ठेवून लांब क्षितिजाकडे बघायचं. ज्याला घाटात गाडी लागते त्याने डॉक्टरांना विचारून निघण्याआधी गोळी घ्यावी, होडीत बसल्यावर घेतलेली उपयोगाची नाही. कंबरदुखी असलेल्याने किंवा पोटुशी बाईने स्पीडबोटीच्या नाकाकडे बसू नये, खरं तर स्पीडबोटीत बसूच नये. टोपीला बांधायला नाडी, लांब बाह्यांचा सुती सदरा, प्यायला पाणी. वेफर्सच्या पुड्या नकोत, वाऱ्याने एक जरी सुटली तरी ती समुद्रातच जाते.

आता पैशांचं बोलते, कारण सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो. गोव्याला किनाऱ्यावर पाट्या दिसतात, डॉल्फिन दिसला नाही तर पैसे देऊ नका. गिऱ्हाइकाला हा सौदा फार आवडतो. पण जरा त्या होडीवाल्याच्या जागी बसून बघा. डिझेल त्याने घातलंय, खलाशाला रोज द्यायचाय, आणि डॉल्फिन दिसला नाही तर हातात काही नाही. मग तो काय करणार? दिसला की पाठीमागे लागणार, चार होडीवाले फोनवर एकमेकांना बोलावणार, कळपाला घेरणार, इंजिन वाढवून त्याला पुन्हा वर यायला लावणार. त्याला तसं करायला तुम्ही ठरवलेल्या पैशांनी भाग पाडलं. म्हणून माझा कानमंत्र उलटा आहे: निघण्याआधीच सांगा की दिसो न दिसो, पूर्ण भाडं देणार, पण पाठलाग करायचा नाही, लांब थांबायचं, इंजिन बारीक ठेवायचं. हे ऐकल्यावर होडीवाल्याचा चेहरा सैल होतो. घाई नसली की तोच तुम्हाला निवतीचा किल्ला, भोगव्याचा किनारा, पाण्यावर झेपावणारे सुरय पक्षी दाखवत नेतो. परतल्यावर वर थोडे जास्त द्या.

लांब म्हणजे किती, तर ऑस्ट्रेलियात होडीने डॉल्फिनपासून ५० मीटर आणि पिल्लू बरोबर असेल तर १५० मीटर दूर राहावं असं ठरवून दिलंय. तेवढंच आपणही पाळावं. समोरून आडवं जायचं नाही, दोन होड्यांच्या मध्ये कळप अडकवायचा नाही, बाजूने समांतर, हळू जायचं. त्याला जवळ यावंसं वाटलं तर तो येईल. अर्धा तास झाला की निघायचं. शिट्ट्या नाहीत, डबा वाजवणं नाही, खायला टाकणं नाही.

धाकटीला होडीत बसण्याआधी समजावा की काय दिसणार आहे. टीव्हीवर उड्या मारणारा, चेंडू नाकावर तोलणारा डॉल्फिन तिच्या डोक्यात असेल. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा दिसतो तो कुबडाचा डॉल्फिन. मालवणचे मच्छीमार त्याला गादा म्हणतात. राखाडी रंग, अडीच मीटरच्या आसपास लांबी, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. तो उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याला धरून राहतो. म्हणून तर तो आपल्याला दिसतो, आणि म्हणूनच आपली जाळी, आपल्या होड्या आणि आपलं सांडपाणी सगळ्यात आधी त्याच्याच वाट्याला येतं. तो मासा नाही, फुप्फुसांनी श्वास घेतो. आधी लांब चोच वर येते, मग कुबड, फस्स असा श्वासाचा आवाज, आणि तो खाली जातो. पुन्हा कुठे येईल ते सांगता येत नाही, कधी मिनिटभराने, कधी चार मिनिटांनी. या मधल्या वेळात मुलांना गप्प राहायला शिकवा. इंजिन बंद असलं तर तो श्वास ऐकू येतो, आणि मी म्हणेन, दिसण्यापेक्षा ते ऐकणं मोठं आहे.

मादीला वर्षभर गर्भ वाढवल्यावर एक पिल्लू होतं, आणि मग पुढची काही वर्षं दुसरं नाही. पिल्लू आईच्या अंगाला चिकटून पोहतं. त्यांची वाट, त्यांची शिकार, एकमेकांना हाक मारणं, सगळं आवाजावर चालतं. पाच होड्यांची इंजिनं एकदम सुरू झाली की आईला पिल्लू ऐकू येत नाही. एवढं सांगितलं तरी मुलांना कळतं, मुलं आपल्यापेक्षा लवकर समजतात. जगभरच्या तज्ज्ञांनी या जातीला संकटग्रस्त ठरवलंय आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत.

आता दुबईचं. थोरल्याने पुढच्या मे महिन्यात सगळ्यांना दुबईला न्यायचं म्हटलंय, आणि त्या सहलीच्या यादीत डॉल्फिनबरोबर पोहायचं तिकीट आहे, ते मी वाचलं. ते काढून टाका. आपल्या देशात असे डॉल्फिनचे हौद उघडायला बंदी आहे. केंद्र सरकारने मे २०१३ मध्ये राज्यांना तसं कळवलं. त्याआधी, १९९८ च्या सुमारास, चेन्नईजवळ एका ठिकाणी बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते, काही महिन्यांत ते मेले. दुबईच्या पाम जुमेरावरच्या एका मोठ्या हॉटेलासाठी २००७ साली पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरून २८ डॉल्फिन विमानाने आणले गेले. समुद्रात दिवसाला कित्येक मैल हिंडणारा, आवाजावर जगणारा प्राणी तिथे भिंतीशी येऊन वळतो, पुन्हा भिंतीशी येतो. मेलेल्या माशाच्या मोबदल्यात तो हात लावू देतो. तो हसताना दिसतो ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे. आजारी असला तरी तो तसाच दिसतो. आणि एवढ्या मोठ्या, ताकदवान जनावराच्या शेजारी लहान मूल पाण्यात सोडणं मला आई म्हणूनही पटत नाही. ते चावल्याचं, ढकलल्याचं अनेक देशांत घडलंय.

मुलं रुसतील, तर त्यांना मुसंदमला न्या. दुबईच्या उत्तरेला ओमानचा तो भाग, खासाबच्या डोंगरकड्यांमधल्या समुद्रात लाकडी धो बोटी फिरवतात आणि तिथे आपल्या कोकणात दिसतो तोच कुबडाचा डॉल्फिन मोकळा दिसतो. मुलांना नकाशा उघडून दाखवा, ते पाणी आपल्या अरबी समुद्राला जोडलेलंच आहे. फक्त ओमानमध्ये जाऊन परत दुबईत यायचं असतं, तेव्हा पुन्हा आत यायला तुमचा व्हिसा चालेल का हे आधी टूरवाल्याकडून लेखी घ्या, नाहीतर सरहद्दीवर अडकाल. बालीला जाणाऱ्यांनाही सांगते, लोविनाला डॉल्फिन मोकळेच आहेत, पण पहाटे तिथे होड्यांचा घोळका त्यांच्यामागे लागतो. तिथेही भाड्याची तीच अट घाला, किंवा त्या घोळक्यात सामील न होणारी होडी शोधा.

तारकर्लीला जायला डहाणू रोडवरून मेमूने पनवेल, तिथून तुतारी एक्सप्रेसने कुडाळ, पुढे एसटी किंवा रिक्षा. तिकिटं दिवाळीआधी फार लवकर संपतात, आत्ताच बघा. येताना चार दिवस हातात असले तर मुलांना आपल्या पारनाक्याच्या कासव उपचार केंद्रातही न्या. जाळ्यात अडकून, पर तुटून किनाऱ्याला लागलेली समुद्री कासवं तिथे बरी करून परत समुद्रात सोडतात. तिथे पाण्यातल्या प्राण्याला हात लावायला मिळत नाही, आणि का मिळत नाही ते मुलं आपोआप विचारतात.

शेवटचं, आणि हे फक्त सहलीपुरतं नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर, चिखल्यापासून बोर्डीपर्यंत कुठेही, डॉल्फिन वाहून आल्याच्या बातम्या येतात. बहुतेक मेलेले असतात. मेलेल्याला हात लावू नका, रोग लागू शकतो; त्याच्यावर मुलांना बसवून फोटो तर कदापि नको. जिवंत असेल तर शेपटीला धरून ओढू नका, तिथली हाडं निखळतात. डोक्यावर श्वासाचं भोक असतं, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. ते भोक मोकळं ठेवून बाकी अंगावर ओली चादर घाला, सावली धरा, माणसं आणि कुत्री लांब ठेवा, आरडाओरडा थांबवा. घाईने लाटेत ढकलून देऊ नका, दमलेला असेल तर तो बुडतो. आणि गावात कुणाच्या जाळ्यात जिवंत डॉल्फिन किंवा कासव अडकलं तर त्याला सांगा, जाळं कापून सोडून दे, भरपाई मिळते. राज्य सरकारने डिसेंबर २०१८ पासून त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत देण्याची योजना ठेवली आहे. सोडताना फोटो काढून ठेवायचा, तो पुरावा लागतो. दोन्ही वेळा लगेच वनखात्याला कळवायचं. हॅलो फॉरेस्टचा क्रमांक १९२६ आहे. घरातल्या प्रत्येकाने तो आजच आपापल्या फोनमध्ये घालून ठेवा.